फाडणाऱ्याचा पास

अप्पांनी एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा मोजल्या.
चांगल्या वेगळ्या, बिघडलेल्या वेगळ्या:
कुठे आकडा तिरका, कुठे कोपऱ्यात शाई सांडलेली.
बिघडलेलीही मोजायची, सही करायची, मगच कापायची.
भोंगा होऊन गेला तरी
हिशेब जुळेपर्यंत कुणी घरी जात नसे.

मी यीस्टमधले निरोप मोजते.
दिंडोरीच्या द्राक्षांवरची पांढुरकी साय
बोटानं पुसावी, एवढंसं ते यीस्ट.
त्याच्या पेशीत एक तिजोरी. मूळ प्रत तिथून हलत नाही.
बाहेर येतात त्या नकला,
डोक्याला टोपी, मागे शेपूट,
शेपटीत एकच अक्षर, अ अ अ अ अ अ,
पहिलीतल्या पोरानं पाटी भरून काढावी तसं.

नक्कल वाचली जाते, परत वाचली जाते,
आणि मागून एकेक अ गळत राहतो.
शेपूट आखूड झालं की टोपी उडवतात,
टोपी गेली की एक विकर
पुढच्या टोकापासून खात सुटतं.
कुणाचं आयुष्य वीस मिनिटं, कुणाचं पाच.
तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून घ्यावं.

"मॅडम, हातमोजे," मोजाडमामा दारातूनच ओरडतात.
खरंय. माझ्या बोटांच्या घामातही
निरोप खाणारं बसलेलं आहे.
उघड्या हातानं नळीला शिवले
तर आठवड्याचं काम एका स्पर्शात जाईल.

जानेवारीत मी छपाई मंद केली.
यंत्राचा एक सुटा भाग बदललेलं वाण,
निम्म्या वेगानं छापणारं.
शून्य मिनिट, पाच, दहा, वीस, चाळीस.
बर्फाच्या पेटीत बोटं बधिर,
खिडकीबाहेर गंगापूर रोड धुक्यात.
वाटलं होतं, निरोप निम्मे होतील.
झाले नाहीत.
जवळजवळ तेवढेच.

चूक माझीच असणार, म्हणून पुन्हा केलं.
तिसऱ्यांदा फरहीनला मोजायला दिलं,
कुठली नळी कुठली, ते न सांगता.
तिनं आकडा वहीत लिहिला, वही माझ्याकडे वळवली.
तोच.
छापणं मंदावलं, तसं खाणंही मंदावलं होतं.

मग खाणारंच काढून टाकलं.
घर कागदांनी भरून जायला हवं होतं,
पण आत छपाईनं हात आखडता घेतला.

रात्री जेलरोडच्या घरी भाकरी मोडता मोडता
अप्पांना सांगितलं. ते थांबले.
"छापणाऱ्याला कळतं कसं,
बाहेर किती फाडलं ते?"

म्हटलं, जो फाडतो, तोच
कामातून वेळ काढून आत तिजोरीपर्यंत जातो
आणि सांगतो, छापा.
असं आम्हाला वाटतं. त्यावर अजून भांडणं आहेत.

"फाडणारा? आत?"
अप्पा खरोखर दुखावले.
"आमच्यात नव्हतं असं.
आत जायला पास लागायचा,
फोटो, शिक्का, वर दोन सह्या."

इथंही लागतो, अप्पा.
त्याच्या अंगावरच छापलेला असतो.

ते काही बोलले नाहीत. कालवणात भाकरी कुस्करत राहिले.
मग उठून शर्टाच्या खिशातून सकाळची चिठ्ठी काढली:
कोथिंबीर, घड्याळाचा सेल,
तुझ्या आईच्या गोळ्या, निळं झाकण.
सगळं आणलेलं होतं.
चिठ्ठीचे चार तुकडे केले,
बोट फिरवून चार मोजले,
डब्यात टाकले,
आणि कॅलेंडरच्या जुन्या पानाची पाठकोरी बाजू
उद्यासाठी फाडून घेतली.